सावलीत बसलेला माणूस

स्कारडाल,
१६ जानेवारी १९८३

प्रिय दादा,

आधी खुर्चीत बस आणि मग वाच. उभ्याने वाचलंस तर नव्या खुब्यावर ताण येईल आणि त्याचा बोल मलाच लावशील.

मी मदत पथकात नाव घातलंय. हो, तुझ्याच पथकात. सुट्टीच्या दिवशी स्कीच्या उतारांवर फुकट राबायचं, पडलेल्याला उचलायचं, मोडलेल्याला फळी बांधायची आणि बर्फावर घसरणाऱ्या स्लेजवर घालून खाली डॉक्टरांकडे आणायचं. तुला काय सांगायचं म्हणा, तुझी निम्मी हयात त्या लाल जाकिटात गेली.

ऑक्टोबरात आमचं टेलिफोन एक्सचेंज बंद झालं ते तुला ठाऊकच आहे. आता डायल फिरवला की कोणाचाही फोन कोणालाही लागतो, मध्ये गुनवोर लागत नाही. इतकी वर्षं वर कोणी पडलं की पहिली बातमी माझ्या कानात यायची. मी तुला जोडून द्यायची, तू निघायचास, आणि मी हेडफोन लावून बसून राहायची. तो माणूस जगला की गेला हे मला दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत कळायचं. दादा, एकदा तरी मला तारेच्या त्या टोकाला असायचंय. बावन्न वर्षांची आहे, गुडघे शाबूत आहेत, रिकामं घर मला खायला उठतं.

तुझा मित्र स्टाइनर आता पथकाचा प्रमुख आहे. मला पाहून म्हणाला, "वॉफल भाजायला आलीस? वरच्या खाण्याच्या झोपडीत बाई हवीच होती."

मी म्हटलं, "नाही, माणसं खाली आणायला आले."

तो दाढी खाजवत बसला. मग म्हणाला की ताराल्डची बहीण म्हणून सवलत मिळणार नाही. प्रथमोपचाराची परीक्षा द्यायची, आणि भरलेली स्लेज पाद्र्याच्या उतारावरून एकटीने खाली आणायची. दोन्ही जमलं तर लाल जाकीट. तोवर दंडाला नुसती फीत.

प्रथमोपचाराचं मी बघून घेईन. स्लेजचं तू सांग. तिला आवरायचं कसं?

तुझी,
गुनवोर

ता. क. फोन करू नकोस. आयुष्यभर लोकांचं बोलणं जोडून दिलं, आता मला फोनचा कंटाळा आलाय.

---

हाउगेसुन्द,
२४ जानेवारी

प्रिय गुनवोर,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग बसलो. अगं, तू स्की करतेस ती बाजारातून दूध आणण्यापुरती! भरलेली स्लेज म्हणजे मागे लागलेला उधळलेला बैल. दोन दांड्यांच्या मध्ये तू, आणि तुझ्या पाठीवर नव्वद किलोंचा माणूस, त्याचा पाय मोडलेला, तोंडातून शिव्या. पाद्र्याच्या उतारावर मधल्या वळणाला जी बर्फाची काच होते, तिथे मी धडधाकट गडी रडताना पाहिलेत. तुला एकटेपणा वाटत असेल तर मांजर पाळ.

मला इथे बंदराकडे तोंड करून बसायची शिक्षा झालीय. डॉक्टरने स्की कायमची बंद केली, ते तुला माहीत आहे. नाहीतर मीच आलो असतो आणि तुला कानाला धरून घरी नेलं असतं.

आता विचारलंसच म्हणून सांगतो, ऐकणार तर नाहीसच. उतारावर नाक खाली करून जाऊ नकोस, स्की आडव्या धरून त्यांच्या कडांवर घसरत उतर. वजन खालच्या पायावर ठेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे वळून बघायचं नाही. माणूस कण्हतोय, ओरडतोय, गप्प झालाय, काहीही होवो. त्याच्याशी बोल, पण डोळे पुढे. ज्याने मागे पाहिलं त्याची स्लेज उलटली.

हसं करून घेऊ नकोस. तिथे अजून माझं नाव आहे.

ताराल्ड

---

स्कारडाल,
२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

प्रथमोपचारात पहिली आले! तपासायला खालचे डॉक्टर होते. ते म्हणाले, इतक्या शांतपणे प्रश्न विचारणारी बाई त्यांनी पाहिली नाही. मी म्हटलं, साहेब, लोक मरणाच्या दारातून फोन करायचे तेव्हा त्यांचा पत्ता नीट काढून घ्यायची मला सवय आहे.

स्लेजचा सराव चालू आहे. थंडी बरी आहे. तुझ्यासाठी मोजे विणतेय, पायाचं माप कळव.

तुझी,
गुनवोर

---

हाउगेसुन्द,
६ मार्च

प्रिय गुनवोर,

माप चव्वेचाळीस. आणि मला मोज्यांनी गप्प करता येत नाही.

स्टाइनरचा फोन आला होता. 'स्लेजचा सराव चालू आहे' म्हणे! परीक्षा झाली, तू मधल्या वळणावर मागे वळून पाहिलंस, स्लेज उलटली आणि वजनासाठी भरलेली बटाट्याची पोती थेट उपाहारगृहाच्या पायरीशी जाऊन फुटली. लोकांनी बटाटे वेचून घरी नेले. स्टाइनर हसून हसून नीट बोलू शकत नव्हता. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही.

पोत्यांच्या जागी माणूस असता तर? हा विचार तू केला असशीलच, म्हणूनच मला लिहिलं नाहीस. तू लहानपणापासून अशीच, हरलीस की विणायला बसतेस.

सोड आता. तू प्रयत्न केलास, कोणी नावं ठेवणार नाही. ईस्टरला इकडे ये. समुद्र बघू, मासे खाऊ.

ताराल्ड

---

स्कारडाल,
३१ मार्च

दादा,

'प्रिय' लिहायला आज हात उठत नाही.

हो, उलटली स्लेज. पोती गप्प होती म्हणून मी मागे पाहिलं. हसू नकोस! मला वाटलं, माझ्या ताब्यात दिलेला माणूस आहे, जिवंत आहे का ते बघावं. स्टाइनर म्हणाला, "बटाटा जिवंत असतो का गं?" आणि सगळं पथक लोळलं. त्याने दुसरी संधी देईन म्हटलंय, पण ईस्टरनंतर, आणि तेही ईस्टरला काही गोंधळ घातला नाही तर.

गोंधळ घालून झालाय. तुला तो स्टाइनरच सांगेल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

काल ऊन असं पडलं होतं की सगळं दक्षिण नॉर्वे आमच्या डोंगरावर आलं असावं. जिकडे तिकडे बर्फात उन्हाचे खड्डे खणलेले, त्यात रेनडियरची कातडी, मागे रोवलेल्या स्की, आणि स्कीला टेकून डोळे मिटून सूर्याकडे तोंड केलेली माणसं. मी फीत बांधून फेरी मारत होते. एका खड्ड्यात बँकेचे ब्रेक्केसाहेब पडलेले. तोंड उघडं, मान एका बाजूला, चेहरा मेणासारखा पांढरा. मी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. गुडघे टेकले, गळ्याशी बोटं लावली.

मेणासारखा रंग उन्हात लावायच्या मलमाचा होता. साहेब ताडकन उठले. बायको, जावई, व्याही, आजूबाजूचे दहा खड्डे, सगळे बघताहेत. ते म्हणाले, "गुनवोरबाई, वर्षातून एकदा मला झोप लागते. ती तुम्हाला बघवली नाही का?"

आपल्याकडे माणूस उन्हात डोळे मिटून बसला की त्याला देवसुद्धा उठवत नाही, हे मला कळत नाही असं नाही. पण कळूनही मी उठवलं. संध्याकाळी स्टाइनरने मला बाजूला घेतलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. हळू आवाजात म्हणाला, "लोक इथे शांततेसाठी येतात. अजून एकाला असं उठवलंस तर फीत माझ्या टेबलावर ठेव आणि घरी जा." उद्यापासून मी वरच्या झोपडीत वॉफल भाजणार. शेवटी त्याचंच खरं झालं.

समुद्र बघायला येणार नाही. पीठ कालवायचं आहे.

गुनवोर

---

हाउगेसुन्द,
४ एप्रिल

प्रिय गुनवोर,

तुझं पत्र नाही, म्हणजे ईस्टरमध्ये टपाल झोपलंय किंवा तू रुसली आहेस. स्टाइनरही फोन उचलत नाही. मी समजायचं ते समजलो. पथक सोडलंस ना? बरं केलंस. आता वाईट वाटेल, उन्हाळ्यापर्यंत विसरशील. जुन्या स्की विकायच्या असतील तर इथे एक गिऱ्हाईक आहे.

मोजे छान बसले.

ताराल्ड

---

स्कारडाल,
४ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

प्रिय, प्रिय दादा,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

शनिवारी दुपारी मी झोपडीच्या खिडकीत वॉफल भाजत होते. समोरच्या उतरणीवर उन्हाचे पंचवीसएक खड्डे. दुपार कलली तशी कड्याची सावली त्या उतरणीवर सरकायला लागली. आपली माणसं कशी असतात तुला ठाऊक आहे. सावली पायाला लागली की डोळे न उघडता बूड उचलतात आणि कातडं ओढत उन्हात जातात. सगळी उतरण हळूहळू डावीकडे सरकत होती. एक माणूस तेवढा हलला नाही.

आधी सावली त्याच्या बुटांवर आली, मग मांडीवर, मग तोंडावर. तरी तो स्कीला टेकून तसाच. मी दोन वॉफल जाळले. दादा, ईस्टरच्या सुट्टीत सावलीत बसलेला नॉर्वेजियन माणूस तू कधी पाहिलास का? मी नाही पाहिला. लोक त्याच्या बाजूने जात होते, कोणी मान वळवून बघत नव्हतं. झोपलेल्याकडे बघू नये म्हणून बघत नव्हते.

खरं सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. फीत दंडाला होती आणि स्टाइनरचा तो हळू आवाज कानात. हा उठून माझ्यावर खेकसला की संपलं सगळं, परीक्षा नाही, जाकीट नाही, पुन्हा ते रिकामं घर. मी चिमटा खाली ठेवला. मग उचलला. मग पुन्हा ठेवला आणि स्की न घालताच धावले.

मांडीवर अर्धं सोललेलं संत्रं. हाक मारली, खांदा हलवला, उत्तर नाही. श्वास होता, पण वरवरचा. कपाळ गार आणि घामाने चिंब. सावलीत, गारठ्यात, हा घाम कसला? हातमोजा काढला तर मनगटावर साखळी, तिच्यावर लिहिलेलं की मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. सकाळपासून स्की करून साखर पार उतरली होती, आणि संत्रं सोलता सोलता त्याची शुद्ध गेली होती.

क्षणात माणसं गोळा झाली. एकाने कॉन्यॅकची बाटली काढली, एक बाई कॉफी घेऊन पुढे आली. मी इतक्या जोरात ओरडले की तिचा पेला पडला. "त्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही! शुद्ध नाही त्याला, श्वासात जाईल!" त्याला कुशीवर वळवलं, अंगाखाली दोन कातडी घातली, वर मिळतील तेवढी जाकिटं. त्याच बाईला झोपडीत पिटाळलं, खाली डॉक्टरांना फोन करायला. ती येऊन म्हणाली, डॉक्टर तयार आहेत, पण बर्फावरची स्कूटर आणि स्टाइनर पलीकडच्या खोऱ्यात, कोणाचा तरी पाय मोडलाय. ते यायला फार वेळ लागेल.

झोपडीमागे स्लेज उभी होती. आणि खाली जायला पाद्र्याचा उतार, दुसरा रस्ता नाही.

त्याला बांधलं, मी स्की चढवल्या. मागची दोरी धरून वेग आवरायला कोणीतरी हवं होतं. मी विचारलं, "चांगली स्की कोणाला येते?" गर्दीतून ब्रेक्केसाहेब पुढे आले, तोंडाला तेच पांढरं मलम. म्हणाले, "मला येते. माझी नाडी ठीक आहे, ते तुम्हाला माहीतच आहे."

आम्ही निघालो. स्की आडव्या, वजन खालच्या पायावर. तो मागून कण्हला तेव्हा मला हायसं वाटलं. मधल्या वळणाला पोचलो आणि तो गप्प झाला. एकदम गप्प, त्या बटाट्यांसारखा. दादा, माझी मान आपोआप वळायला लागली होती. मग तोंडातून काय निघालं माहीत आहे? "हॅलो, मी ऐकतेय. लाईन सोडू नका हं. जोडून देतेय, डॉक्टरांना जोडून देतेय. लाईनवर राहा." एक्सचेंजमधला तोच आवाज. बर्फाची काच संपेपर्यंत मी बोलत राहिले आणि डोळे पुढे ठेवले. स्लेज माझ्या पाठीला एकदाही लागली नाही.

खाली डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची रांग होती, ती दुभंगली. डॉक्टर सुई घेऊन दारातच उभे होते. शिरेत साखर गेली आणि थोड्या वेळात त्याने डोळे उघडले. आधी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "माझं संत्रं खायचं राहिलं."

मी रडले. हो, सगळ्यांसमोर. बाहेर आले तर रांगेतली माणसं टाळ्या वाजवत होती. लोकरीचे हातमोजे घातलेले, त्यामुळे आवाज येईना, नुसतं धप धप धप. एवढा सुंदर आवाज मी कुठल्याच तारेवर ऐकला नाही.

माणसाचं नाव आर्वे नूरली, ऑस्लोत छापखान्यात आहे. त्याला झोप लागली असं समजून बायको मुलांना घेऊन पुढे गेली होती. ती आली आणि माझे दोन्ही हात धरून उभी राहिली.

स्टाइनर संध्याकाळी आला. सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाला, "परीक्षा ती परीक्षा. एकटीने आणायची असते. मागे ब्रेक्के होते." आणि गेला. म्हणजे जाकीट मिळेल की नाही मला अजून माहीत नाही. पण दादा, तो माणूस जगला की गेला हे मला या खेपेला दुधाच्या रांगेत कळलं नाही!

तुझी,
गुनवोर

---

हाउगेसुन्द,
१० एप्रिल

प्रिय गुनवोर,

ते स्की विकण्याचं पत्र आधी फाडून टाक.

तुझं पत्र मी मासळीच्या दुकानात वाचून दाखवलं. मोठ्याने. रांग थांबली, कोळ्याने सुरी खाली ठेवली. 'लाईनवर राहा' पर्यंत आलो आणि कागद त्याच्या बायकोच्या हातात दिला, पुढचं तिने वाचलं. मग सगळे विचारायला लागले, ही कोण? मी म्हटलं, माझी बहीण. इतकी वर्षं तिथे तुला ताराल्डची बहीण म्हणायचे ना, आता इथे मी गुनवोरचा भाऊ झालोय, आणि मला ते फार आवडलंय.

मी इतकी माणसं खाली आणली, पण त्यातल्या प्रत्येकासाठी कोणीतरी मला बोलावलं होतं. न बोलावता एकाहीकडे गेलो नाही. त्या दिवशी मी डोंगरावर असतो तर त्या खड्ड्याजवळून सरळ निघून गेलो असतो. मला खात्री आहे.

आता एक सांगतो, स्टाइनरला बोलू नकोस. डॉक्टरने स्की बंद केलेली नाही. गेल्या हिवाळ्यातच म्हणाला, जा, सावकाश सुरुवात कर. स्की दाराआड उभ्या आहेत. रोज सकाळी बघतो आणि बंदराकडे फिरायला जातो. मला पडायची भीती वाटते, गुनवोर. पडल्यावर काय काय मोडतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून तुला मांजर पाळायला सांगत होतो. भीती माझी होती.

त्या दाढीवाल्या बोकडाला सांग, जाकीट दिलं नाहीस तर मी येऊन दाढी उपटेन.

तुझा,
ताराल्ड

---

स्कारडाल,
१८ एप्रिल

प्रिय दादा,

काल परीक्षा झाली.

मी वर पोचले तर स्लेज रिकामी. पोती नाहीत. मी विचारलं, "वजन कुठे आहे?" स्टाइनरने टोपी काढली, घड्याळ काढून खिशात घातलं आणि स्वतः स्लेजमध्ये आडवा झाला. एकशे दहा किलो! पथकातले सगळे तोंडात बोट घालून बघत राहिले. असं त्याने कोणासाठी कधी केलं नव्हतं म्हणे. मला म्हणाला, "बांध नीट. मला तीन नातवंडं आहेत."

मागे दोरी धरायला कोणी नव्हतं. मधल्या वळणाला तो म्हणाला, "गुनवोर, माझ्याशी नाही का गं बोलणार?" मी पुढे बघूनच म्हटलं, "गप्प पड, लाईन व्यस्त आहे." खालपर्यंत बोकड हसत होता, स्लेज त्याच्या हसण्यानेच हलत होती.

पायथ्याशी सगळे जमले होते. तो उठला, कपडे झटकले, आत गेला आणि लाल जाकीट घेऊन आला. बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबतात. "पुरुषांच्या मापाचंच आहे," तो म्हणाला, "दुसरं कधी शिवावं लागलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून वरची चौकी तुझी." मग त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "मी चुकलो होतो." सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. तू तिथे हवा होतास.

घरी येऊन मी जाकीट घालूनच जेवले. भांडीही त्यातच घासली.

आता तुझं. मी स्टाइनरला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण वर बर्फ मे महिन्यापर्यंत टिकेल, झोपडीजवळचा लहान उतार मऊ आहे, आणि सकाळी तिथे कोणी नसतं. दाराआडच्या स्की बांध आणि शनिवारच्या गाडीने ये. भिऊ नकोस म्हणणार नाही. खुशाल भी, पण ये.

पडलास तर मी आहे.

तुझी,
गुनवोर